मुलांच्या जबड्याची वाढ आणि लवकरचे उपचार: पालकांनी सुरुवात कुठून करायची?

मुलाचा खालचा जबडा पुढे आल्यासारखा वाटतो, किंवा वरचे दात ओठाबाहेर डोकावतात, हे चारचौघांत बोललं की दोन सल्ले ठरलेले असतात. ‘दुधाचे दात सगळे पडू देत, मग बघू’ हा पहिला. ‘आत्ताच तारा लावून टाका, नंतरची कटकट नको’ हा दुसरा. गंमत अशी की दोन्ही सल्ले काही मुलांच्या बाबतीत बरोबर असतात आणि काहींच्या बाबतीत पार चुकीचे. कोणत्या मुलाला कोणता लागू, हे दोन गोष्टींवर ठरतं: तक्रार दातांची आहे की जबड्याच्या हाडाची, आणि हाडाची असेल तर कोणत्या दिशेची.

वाकडा दात तिसाव्या वर्षीही सरळ करता येतो. दातांना वयाची घाई नसते, हाडाला असते. जबडा वाढत असतो तोवरच त्या वाढीला थोडंफार वळण देता येतं. वाढ संपल्यावर मोठ्या बिघाडावर शस्त्रक्रियेखेरीज फारसा उपाय उरत नाही. म्हणून कुठल्याही उपचाराला हो म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायचा: आत्ता थांबलो तर नेमकं काय हातचं जाईल? काही तक्रारींत उत्तर ‘बरंच’ असं येतं, काहींत ‘काहीच नाही’.

आधी हाडाबद्दल थोडं

वरचा जबडा डाव्या-उजव्या दोन हाडांचा बनलेला असतो आणि टाळूच्या मधोमध त्यांचा सांधा असतो. लहानपणी हा सांधा बऱ्यापैकी मोकळा असतो. वयात येताना दोन्ही कडा चेन लावल्यासारख्या एकमेकांत गुंतत जातात आणि मग त्यांना सहज दूर करता येत नाही. खालचा जबडा म्हणजे एकच हाड. त्याची बरीचशी वाढ कानांजवळच्या टोकांपाशी होते. वयात येताना ती एकदम जोर धरते आणि वरच्या जबड्याची वाढ मंदावल्यानंतरही चालू राहते, मुलग्यांमध्ये तर अठरा-वीस वर्षांपर्यंत.

जबड्यांची वाढ एका क्रमाने संपते: आधी रुंदी, मग लांबी, शेवटी उंची. उपचारांचं सगळं वेळापत्रक यावरच आहे. अरुंद जबडा लवकर हाताळायचा, मागे राहिलेला वरचा जबडाही लवकर, मागे राहिलेला खालचा जबडा बहुतेकदा वयात येताना, आणि फार वाढलेला खालचा जबडा बऱ्याचदा वाढ पूर्ण संपल्यावर. हा क्रम लक्षात असला की डॉक्टर काय सांगतात ते निम्मं आपोआप समजतं.

पायरी १: सातव्या वर्षापर्यंत एकदा दाखवा

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे दात आणि जबड्याची ठेवण सुधारणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेची शिफारस आहे की पहिली तपासणी सात वर्षांच्या आत व्हावी. यामागे साधं कारण आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिल्या कायमच्या दाढा येतात आणि सात-आठपर्यंत पुढचे कायमचे दात. मग वरचा-खालचा जबडा एकमेकांवर कसा बसतो, ते पहिल्यांदाच नीट दिसू लागतं. इथे शिफारस तपासणीची आहे, उपचारांची नाही. सातव्या वर्षी दाखवलेल्या बऱ्याच मुलांना ‘सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत या’ एवढंच सांगितलं जातं, आणि ते ऐकून फेरी फुकट गेली असं मानायचं कारण नाही.

काही मुलांना मात्र सातची वाट पाहू नये. दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेली मुलं जन्मापासूनच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हवीत. त्यांचं वेळापत्रकच निराळं असतं. हनुवटीवर जोरात पडल्यानंतर ज्याचं तोंड कमी उघडतंय किंवा उघडताना एका बाजूला सरकतंय, त्याला लगेच दाखवा. अशा पडण्यात कानाजवळ जबड्याचं टोक मोडू शकतं आणि हनुवटीची जखम भरल्यावर ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. पुढे त्या बाजूची वाढ खुंटून चेहरा तिरका होतो. लहान मुलांचा संधिवातही जबड्याच्या सांध्यात गुपचूप काम करतो, अनेकदा दुखल्याशिवाय. साधी खूण अशी: मुलाची स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये मावायला हवीत.

पायरी २: जाण्याआधी घरी पाहून ठेवा

घरच्या पाहण्याने निदान होत नाही, पण डॉक्टरांसमोर नेमकं बोलता येतं. मुलाला खिडकीसमोर बसवा. ‘दात मीट’ म्हटलं की बरीच मुलं पुढचे दात दाखवायला खालचा जबडा पुढे काढतात आणि सगळंच फसवं दिसतं. म्हणून त्याला जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायला सांगा आणि तसंच ठेवून मागच्या दाढा मिटायला सांगा. मग स्वच्छ बोटांनी दोन्ही गाल हलकेच बाजूला करा.

पुढून पाहिलं तर वरचे दात खालच्या दातांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असावेत आणि खालच्यांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकत असावेत. वरचे दात खालच्यांच्या मागे गेलेत का? दाढा मिटूनही पुढे उघडी फट राहते का? खालचे दात वर टाळूच्या हिरडीत रुततात का? यातलं काहीही दिसलं तर टिपून ठेवा. बाजूने पाहिलं तर वरच्या दाढा खालच्यांच्या किंचित बाहेरून बसायला हव्यात. एका किंवा दोन्ही बाजूंना त्या आतून बसत असतील, तर त्याला क्रॉसबाइट म्हणतात.

यानंतरची तपासणी सगळ्यांत उपयोगी, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. मुलाला सावकाश तोंड मिटायला सांगा आणि हनुवटीकडे बघत राहा. दात पहिल्यांदा टेकतात तिथेच थांबतात, की टेकल्यावर जबडा एका बाजूला किंवा पुढे सरकून मग पूर्ण मिटतो? सरकत असेल तर तो सोयीसाठी सरकतोय: दोन दात आडवे येतात, म्हणून मूल जबडा वळवून घेतं. हे वर्षानुवर्षं चाललं तर वाढही तशीच तिरकी होत जाण्याचा धोका असतो. लवकर उपचारांच्या बाजूने सर्वांत भक्कम कारण कुठलं म्हणाल, तर हे.

मूल झोपेत तोंड उघडं ठेवतं का, घोरतं का, दिवसा ओठ सहज मिटतात का की मिटताना हनुवटीची कातडी आवळते, अंगठा किंवा बोट अजून तोंडात जातं का, तेही बघा. एका बाजूचा कायमचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा पत्ता नाही, ही गोष्टही सांगण्यासारखी आहे. आणि खालचा जबडा पुढे असेल तर आईवडील, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशीत कुणाचा तसा आहे का ते आठवा. ही ठेवण घराण्यात उतरते. युरोपातल्या हॅप्सबर्ग राजघराण्याच्या चित्रांमध्ये ती पिढ्यानपिढ्या दिसते. स्पेनचा राजा दुसरा कार्लोस तर तिच्यासाठीच प्रसिद्ध आहे. घरात ठळक उदाहरण असेल तर डॉक्टरांचा अंदाज बदलतो, त्यामुळे एखादा बाजूने काढलेला फोटो सोबत नेला तर उत्तमच.

आणि काय पाहून घाबरू नये तेही सांगतो. सात ते अकराच्या दरम्यान वरच्या पुढच्या दातांत फट असते आणि दात पंख्यासारखे बाहेर फाकलेले दिसतात. वरून सुळे खाली उतरू लागले की ही फट बहुतेकदा आपणहून मिटते. ती बंद करायला त्या वयात तारा लावण्याची गरज क्वचितच असते. उलट उतरणाऱ्या सुळ्यांच्या वाटेत मुळं ढकलली जाण्याचा धोका असतो.

पायरी ३: पहिली भेट

शक्यतो ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीनंतर याच विषयात पुढचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे. दात सरळ करणारे पुष्कळ असतात, पण इथे वाढीचा अंदाज बांधायचा असतो आणि ते वेगळं काम आहे.

पहिल्या भेटीत तोंड, चेहरा, जबड्याचा सांधा आणि श्वास तपासला जातो, फोटो काढतात, आणि दातांचा साचा किंवा स्कॅन घेतात. सगळे दात एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेला ओपीजी म्हणतात. त्यात हिरडीत दडलेले, कमी असलेले किंवा वाट चुकलेले दात दिसतात. बाजूने घेतलेला डोक्याचा एक्स-रे म्हणजे सेफॅलोग्राम. वरचा जबडा मागे आहे की खालचा पुढे, हे तो सांगतो, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्याच चित्रात मानेचे मणके दिसतात आणि त्यांच्या आकारावरून वाढीचा जोर अजून यायचाय, चालू आहे की सरलाय, याचा अंदाज येतो. काही ठिकाणी यासाठी हाताच्या मनगटाचा एक्स-रे घेतात. जन्मतारखेपेक्षा हा अंदाज महत्त्वाचा, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वाढीत दोन वर्षांचं अंतर सहज असतं. मुलींची वाढ मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी जोर धरते, हेही त्यात आलं.

सेफॅलोग्राम प्रत्येक सात वर्षांच्या मुलाला लागतोच असं नाही. ‘याने तुमचा निर्णय बदलणार आहे का?’ असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. आधीचे एक्स-रे असतील तर ते न्या. आणि किडलेले दात असतील तर आधी त्यांचे उपचार. किडक्या तोंडात कुठलंही उपकरण बसवू नये.

पायरी ४: आत्ता की नंतर?

*वरचा जबडा अरुंद, दाढा आतून बसतात.* जबडा सरकत असेल तर थांबू नका. सात ते दहाच्या दरम्यान टाळूला एक्सपांडर बसवतात. मधोमध स्क्रू, दोन्ही बाजूंना दाढांना पकड. स्क्रू फिरवला की टाळूचा सांधा हळूहळू उघडतो आणि मधल्या जागेत नवं हाड भरतं. ही कल्पना १८६० मध्ये अमेरिकी दंतवैद्य एंजेल यांनी मांडली, तेव्हा तिची टरच उडवली गेली. शंभर वर्षांनी, १९६० च्या दशकात हास यांनी ती पुन्हा प्रचारात आणली. वयात आल्यावर तोच सांधा उघडायला हाडात स्क्रूचे आधार घ्यावे लागतात, आणि मोठेपणी कधी शस्त्रक्रियाही.

*वरचा जबडा मागे, खालचे दात वरच्यांच्या पुढे.* इथेही वेळ महत्त्वाची. आधी पाहायचं की हे खरंच हाडाचं आहे, की एखादा दात आडवा आल्यामुळे जबडा पुढे सरकतोय. तसं असेल तर एका साध्या प्लेटने काही महिन्यांत काम होतं. हाडाचं असेल तर फेसमास्क वापरतात: कपाळ आणि हनुवटीला टेकणारा सांगाडा, आणि तोंडातल्या उपकरणापासून त्याच्यापर्यंत ताणलेले रबर. वरचा जबडा त्यामुळे पुढे ओढला जातो. मूल दहा वर्षांचं होण्याआधी सुरू केलं तर याचा परिणाम चांगला होतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीत सात ते नऊ वर्षांच्या मुलांना फेसमास्क दिला आणि सहा वर्षांनी तज्ज्ञांनी पाहिलं, तेव्हा त्या गटातल्या सुमारे ३६ टक्के मुलांना पुढे शस्त्रक्रिया लागेल असं त्यांचं मत पडलं. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६६ टक्के होतं. म्हणजे फायदा खरा, पण हमी नाही.

*खालचाच जबडा जास्त वाढलेला.* इथे उत्साहाला आवर घालायला हवा. हनुवटीला मागे ढकलणारे चिन कप पूर्वी पुष्कळ वापरले गेले. सुरुवातीला फरक दिसतो, पण वयात येताना जबडा आपली मूळची वाढ गाठतो. वरचा जबडाही मागे असेल तर फेसमास्कचा विचार होतो. नुसताच खालचा मोठा असेल तर बऱ्याचदा दर वर्षी मोजमाप घेत थांबणं आणि वाढ संपल्यावर, म्हणजे मुलींमध्ये साधारण सोळा-सतरानंतर आणि मुलग्यांमध्ये अठरा-एकवीसच्या पुढे, शस्त्रक्रियेचं ठरवणं हाच प्रामाणिक मार्ग असतो. ‘प्लेटने जबडा मागे नेतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर दुसरं मत जरूर घ्या.

*खालचा जबडा मागे, वरचे दात पुढे.* सर्वाधिक पालक हीच तक्रार घेऊन येतात आणि सर्वाधिक घाईही इथेच होते. चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यांनी दाखवलंय की आठ-नऊव्या वर्षी सुरू करून पुढे दुसरा टप्पा करण्यात आणि वयात येताना एकाच टप्प्यात उपचार करण्यात शेवटचा निकाल जवळपास सारखाच येतो. फरक एकाच गोष्टीत पडतो: लवकर उपचार झालेल्यांचे पुढचे दात पडून-आपटून तुटण्याचं प्रमाण कमी असतं. म्हणून नियम सोपा ठेवा. दात फार पुढे असतील, वरचा ओठ त्यांना झाकत नसेल, मूल खेळात धडपडणारं असेल किंवा शाळेत दातांवरून चिडवल्यामुळे बोलणं-हसणं टाळत असेल, तर आत्ता. एरवी वाढीचा जोर येईपर्यंत, मुलींमध्ये दहा ते बारा आणि मुलग्यांमध्ये बारा ते चौदा, थांबायला काहीच हरकत नाही. तोवर खेळताना दातांचा गार्ड वापरावा.

त्या वेळी ट्विन ब्लॉक किंवा तसंच एखादं उपकरण देतात. स्कॉटलंडचे विल्यम क्लार्क यांनी १९७० च्या दशकात ट्विन ब्लॉक तयार केला. वर एक प्लेट, खाली एक, आणि दोन्हींवरचे उतार असे की तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे आणावाच लागतो. जबडा त्यामुळे लांब होतो का? थोडा. दिसणारा बराचसा बदल दात सरकण्यातून येतो. हाडातला वाटा काही मिलिमीटरांपलीकडे क्वचित जातो. तरीही चेहरा आणि चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, दोन्ही सुधारतात, म्हणून तो वापरण्यात अर्थ आहे.

*पुढे उघडी फट.* कारण बहुधा अंगठा, बोट किंवा जीभ. कायमचे पुढचे दात यायच्या आत अंगठा सुटला तर फट बऱ्याचदा आपोआप कमी होते. रागावून सवय सुटत नाही; मुलाला स्वतःला सोडावीशी वाटेल तेव्हा आठवण करून देणारं काहीतरी, बोटाला पट्टी किंवा टाळूला लावायची छोटी जाळी, मदत करतं. चेहराच लांबट वाढत असेल तर प्रकरण अवघड, आणि तिथे ऑर्थोडॉन्टिस्टचं मत लवकर घ्यावं.

*तोंडाने श्वास, घोरणं.* आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. नाकाच्या मागच्या बाजूला वाढलेल्या गाठी (ॲडेनॉइड) किंवा ॲलर्जी असेल तर त्यांचा उपचार तिथे होतो. टाळू रुंद केल्याने नाकाचा तळही थोडा रुंद होतो हे खरं, पण जबडा अरुंद नसताना केवळ श्वासासाठी एक्सपांडर लावणं मला पटत नाही.

*दुधाची दाढ लवकर पडली किंवा काढावी लागली.* जबड्याची वाढ इथे बिघडत नाही, पण मागची कायमची दाढ पुढे सरकून जागा खाते. जागा राखणारं छोटं उपकरण वेळेवर बसवलं तर पुढचा बराच व्याप वाचतो. आणि नऊ-दहाव्या वर्षी वरच्या सुळ्यांचे उंचवटे हिरडीवर हाताला लागतात का, हे डॉक्टरांना तपासायला सांगा. सुळा टाळूकडे वळलेला असेल तर कधी कधी दुधाचा सुळा काढण्यानेच त्याची वाट सुधारते.

बाजारात तयार मिळणारे, दातांवर बसवायचे मऊ सिलिकॉनचे ट्रेनर आणि जीभ टाळूला दाबून चेहरा बदलण्याचे व्हिडिओ यांवर दोन शब्द. एखादी सवय मोडायला ट्रेनरची थोडी मदत होईलही, पण हाडाच्या बिघाडावर तो उपचार म्हणून भरवशाचा नाही. जिभेच्या व्यायामांनी जबडा वाढतो याला पुरावा नाही. खरा तोटा वेगळा आहे: फेसमास्कची दोन महत्त्वाची वर्षं त्यात निघून जातात.

पायरी ५: उपकरण घरी आल्यावर

एक्सपांडर बसवल्यावर पहिले तीन-चार दिवस लाळ फार सुटते, ‘स’ आणि ‘श’ बोबडे येतात, गिळायला जड जातं. रोज मोठ्याने काहीतरी वाचायला लावलं की बोलणं लवकर ताळ्यावर येतं.

स्क्रू फिरवायचं काम पालकांचं. क्लिनिकमध्येच एकदा स्वतःच्या हाताने फिरवून दाखवा, मगच निघा. घरी मुलाला आडवं झोपवून मान किंचित मागे करा आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाळूवर घ्या. स्क्रू फिरवायला दिलेल्या किल्लीच्या मागच्या टोकाला दोरा बांधून तो मनगटाला अडकवा, म्हणजे निसटली तरी घशात जाणार नाही. स्क्रूच्या पुढच्या बाजूला एक बारीक छिद्र दिसेल. किल्ली त्यात पूर्ण घाला आणि घशाच्या दिशेने ढकला, पुढे नवीन छिद्र पूर्ण दिसेपर्यंत. अर्धवट सोडलं तर दुसऱ्या दिवशी छिद्रच सापडत नाही. किल्ली काढताना मागे-खाली काढायची. पुढे ओढली तर स्क्रू उलटा फिरतो. एका वेळच्या फिरवण्यात साधारण पाव मिलिमीटर उघडतं. दिवसातून किती वेळा ते डॉक्टर सांगतील, बहुतेकदा एकदा किंवा दोनदा. भिंतीवर तक्ता लावून खूण करत जा, कारण आई आणि बाबा दोघांनीही फिरवलं असं हमखास घडतं.

फिरवल्यावर काही मिनिटं नाकाच्या मुळाशी आणि डोळ्यांखाली दाब जाणवतो, मग ओसरतो. काही दिवसांत पुढच्या दोन दातांत फट पडू लागते. पालक दचकतात, पण सांधा उघडतोय याची ती खूण आहे. पुढच्या काही महिन्यांत ती आपणहून मिटते. उलट बरेच दिवस फिरवूनही फट नाही आणि मुलाला दुखतंय, तर फिरवणं थांबवून फोन करा. हवी तेवढी रुंदी दोन-चार आठवड्यांत मिळते, मात्र एक्सपांडर त्यानंतरही काही महिने तसाच ठेवतात, कारण मधल्या जागेत हाड भरायला वेळ लागतो. ‘आता फिरवत नाही तर काढून टाका’ असा आग्रह धरू नका.

फेसमास्कचं गणित तासांचं. साधारण बारा ते चौदा तास, म्हणजे संध्याकाळी घरी आल्यापासून सकाळपर्यंत. शाळेत घालायची गरज नसते आणि खेळताना तर घालूच नये. काढताना आधी रबर सोडवा, मग सांगाडा. ताणलेल्या रबरासकट ओढला तर तो सुटून डोळ्याला लागू शकतो. रबर रोज नवे. हनुवटीखाली लाल झालं तर पॅडखाली मऊ सुती कापड ठेवा. सहा महिने ते वर्षभर हे चालतं आणि मूल कंटाळतंच. पहिल्या दोन आठवड्यांत सवय लागली तर पुढचं निभावतं, म्हणून सुरुवात परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या तोंडावर करू नका.

ट्विन ब्लॉकचं निराळंच. तो काढता येतो, म्हणून हरवतो. काढला की डबीत, रुमालात कधीच नाही. गरम पाण्याने धुतला तर प्लेट वाकते. थंड पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सुरुवातीला गालाचे स्नायू दुखतात, ते आठवडाभरात थांबतं.

बसवलेल्या उपकरणाखाली अन्न अडकतं. रोज रात्री ब्रशनंतर चूळ जोरात घुसळायला लावा आणि आठवड्यातून एकदा उजेडात स्वतः पाहा. चिकट आणि कडक पदार्थ बंद. दाढेभोवतीचा बँड (कडं) सैल झाला किंवा तार गालाला टोचते असं झालं तर टोचणाऱ्या जागी ऑर्थोडॉन्टिस्टकडचं मेण लावा आणि त्यांची वेळ घ्या. घरच्या पक्कडीने तार कापायला जाऊ नका. सुटलेला भाग गिळला आणि मूल खोकत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर थेट आकस्मिक विभागात.

पायरी ६: पुढचा टप्पा आणि कागदपत्रं

लवकर उपचार झाले म्हणजे पुढे तारा लागणारच नाहीत, असं बहुतेकदा नसतं. सगळे कायमचे दात आल्यावर, बारा-तेराच्या सुमारास, अनेक मुलांना दुसरा टप्पा लागतो. तो सोपा आणि छोटा व्हावा, एवढाच पहिल्या टप्प्याचा दावा असतो. म्हणून सुरुवातीलाच विचारून घ्या: पहिल्या टप्प्याने नेमकं काय साधणार, तो कधी संपला असं मानायचं, मधल्या काळात टिकवण्यासाठी काही घालावं लागेल का, दुसऱ्या टप्प्याचा खर्च वेगळा का, आणि ठरवलेला परिणाम अमुक महिन्यांत दिसला नाही तर काय करायचं. या शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारे डॉक्टर चांगले, असा माझा ठोकताळा आहे.

दोन टप्प्यांमध्ये दर सहा महिन्यांनी ते वर्षाने तपासणी असते. खालचा जबडा पुढे असणाऱ्या मुलांची ही तपासणी अजिबात चुकवू नका; दहाव्या वर्षी व्यवस्थित बसलेला चावा चौदाव्या वर्षी पुन्हा उलटा होऊ शकतो. एक्स-रे, फोटो आणि स्कॅनच्या प्रती सुरुवातीपासून स्वतःकडे मागून ठेवा, प्रत्येकावर तारीख लिहून. गाव किंवा डॉक्टर बदलले तर नव्या ठिकाणी वाढीचा वेग कळायला जुना सेफॅलोग्राम लागतो, आणि तो पुन्हा कधीच काढता येत नाही.